धाकटी गोड बोलायला लागली

धाकटीचं वागणं आता सहन होण्यापलीकडे गेलं होतं. ती गोड बोलायला लागली होती.

शिव्या घातल्या असत्या तर आक्काला काही वाटलं नसतं. शिवीला उत्तर असतं, टोमण्याला त्याहून चांगलं उत्तर असतं, आणि आक्काकडे दोन्हींचा साठा दुकानातल्या कापडापेक्षा जास्त होता. पण सख्ख्या बहिणीनं सकाळीच फोनवर 'नमस्कार ताई, कशी आहेस? तब्येत सांभाळ' असं लिहून पाठवलं, तर माणसानं करायचं काय? लहानपणापासून 'ए आक्के' यापलीकडे जिच्या तोंडून हाक निघाली नाही, ती ताई म्हणते, तब्येत विचारते, वर हात जोडल्याचं चित्र टाकते. आक्कानं अक्षराला अक्षर जोडत ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कापायच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या सुनेकडे फोन सरकवला.

"वाच गं. मी वाचलं तेच लिहिलंय का बघ."

सूनबाईनं वाचलं. "हो आई, तेच. छान लिहिलंय की."

"छानच आहे. म्हणून तर विचारते. हिला झालंय काय?"

"माणूस बदलतं, आई."

"माणूस बदलतं," आक्का म्हणाली, "धाकटी नाही."

आक्काचं पडदे शिवायचं दुकान होतं. पुढे कापडाचे तागे उभे केलेले, मध्ये लांबलचक टेबल, मागे कारागिराचं मशीन, आणि कोपऱ्यात आक्काची खुर्ची. त्या खुर्चीतून दार, टेबल, कारागीर आणि सून असं सगळं एका नजरेत मावायचं. शाळेचं तोंड आक्कानं फार काळ पाहिलं नव्हतं, पण आकडा तिच्या हातातून कधी निसटला नव्हता. खिडकी नुसती बघून ती माप सांगायची आणि टेप लावली की तेच निघायचं. अक्षरांचं मात्र तिचं जमत नसे. मापाची चिठ्ठी हातात आली की आकडा तेवढा बघायचा. बाकी नाव, पत्ता, सूचना काय असेल ते सूनबाई बघेल, अशी दुकानातली वहिवाट होती. आजवर त्यामुळे एक पडदा कधी आखूड झाला नव्हता.

पडद्याचा धंदा म्हणजे लोकांच्या घरात शिरायचा धंदा. कुणाच्या खोलीत पलंग कुठे आहे, कुणाचा नवरा बाहेरच्या खोलीत झोपतो, कुणाच्या भिंतीला ओल आली आहे, सगळं दिसतं. आणि दिसलेलं तिथेच सोडून यायचं, हा आक्काचा कायदा. एकीच्या खिडकीतलं दुसरीला सांगितलं म्हणून तिनं एका चांगल्या कापणाऱ्याला भर दुपारी दुकानातून बाहेर काढलं होतं. हल्ली गिऱ्हाइकं खिडक्यांचे फोटो फोनवरच पाठवायची, तर आक्का ते फोटोसुद्धा टेबलावर उघडे ठेवू द्यायची नाही. 'झाक ते,' म्हणायची. जणू कुणी आत कपडे बदलतंय.

आता धाकटीचं.

धाकटीनं घर बांधलं तेव्हा आक्कानं स्वतः बसून तिच्या बैठकीचे पडदे शिवले होते, अस्तर लावून, खाली जड दुमड घालून. पुढे काही महिन्यांनी आक्का सहज गेली, तर बैठकीत तयार आणलेले चकचकीत पडदे, आणि आक्काचे पडदे अंगणात स्कूटरवर झाकण म्हणून घातलेले! आक्का तिथल्या तिथे बोलली. धाकटीही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. 'तुझे पडदे बघितले की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं,' असं ती म्हणाली. त्यावर आक्का जे म्हणाली ते इथे लिहिण्याजोगं नाही. शेवटी दोघींनी शपथा घेतल्या. समोरची आधी बोलल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही, मेलं तरी.

तेव्हापासून अबोला. पण धाकटी रोज सकाळी फोनवर एका फुलाचं चित्र टाकायची आणि आक्का त्याला अंगठा पाठवायची. ते बोलणं नव्हे, असा दोघींचा न ठरवता ठरलेला हिशेब होता. फुलाला तोंड नसतं, अंगठ्याला जीभ नसते. तू जिवंत आहेस, मीही आहे, इतकंच. कधी फूल यायला उशीर झाला तर आक्का कारागिरावर विनाकारण खेकसायची, आणि फूल आलं की चहा सांगायची.

आणि आता फूल बंद झालं होतं, शब्द सुरू झाले होते.

पहिल्या दिवशी आक्काला वाटलं, धाकटी आजारी आहे. मरणाच्या दारात माणसं गोड होतात असं तिनं पाहिलं होतं. दुसऱ्यांदा 'ताई, जेवलीस का?' आलं तेव्हा वाटलं, टिंगल करते आहे. कुणाला तरी शेजारी बसवून, हसत हसत लिहीत असेल. मग वाटलं, हिला नमतं घ्यायचं आहे, पण बोलायची लाज वाटते म्हणून लिहिते. हा तिसरा विचार आक्काला सगळ्यात आवडला. तरी तो पुरता गळी उतरेना. नमतं घेणारी धाकटी म्हणजे पाय फुटलेला ताग्यांचा रॅक. असं काही असतं का?

"लिहिणं म्हणजे बोलणं धरायचं का गं?" तिनं सुनेला विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्यात ती आधी बोलली असं झालं की नाही?"

सूनबाई हसू दाबत म्हणाली, "झालं म्हणायचं, आई."

"मग माझा विजय झाला," आक्का म्हणाली. पण विजय झालेल्या माणसाला जितकं हलकं वाटायला हवं तितकं तिला वाटत नव्हतं. तिनं नुसता अंगठा पाठवला.

त्याच दिवशी सूनबाई एका नव्या घराची मापं घ्यायला गेली. कारागीर मागे मशीन चालवत होता. आक्का खुर्चीत बसून लेस गुंडाळत होती, तेवढ्यात फोन वाजला. धाकटी.

'ताई, एक काम होतं. माझा फोन बिघडला आहे. चुकून तुझ्या फोनवर एक आकडा आला असेल. तेवढा मला पाठवतेस का? खूप गरज आहे.'

आक्कानं ते वाचायला वेळ घेतला, आणि वाचून झाल्यावर लेस बाजूला ठेवली.

धाकटी मागते आहे. या जन्मात धाकटीनं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. बाळंतपणात मागितलं नाही, घर बांधताना नाही. पडदेसुद्धा आक्कानंच आपणहून शिवले होते, मागितले नव्हते तिनं. आणि आज 'खूप गरज आहे' म्हणते. बिचारी, असंही वाटलं, आणि बरी जिरली, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं, आणि त्यातलं आधी कुठलं हे तिला सांगता आलं नसतं.

आकडा खरंच आला होता. वेगळ्याच खिडकीत, कुठल्याशा अनोळखी नावानं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. आक्कानं वहिवाटीप्रमाणे आकडा तेवढा बघितला. बाकीचं सूनबाई बघेल. माप टिपून घ्यावं तसे तिनं आकडे एकेक करून दाबले, दोनदा पडताळले आणि पाठवून दिले.

'धन्यवाद ताई, देव तुझं भलं करो,' असं आलं.

आक्का बराच वेळ खुर्चीत नीट ताठ बसून होती.

मग फोनला काहीतरी झालं. मेसेजचं अ‍ॅप उघडलं तर आत कुणीच नाही. धाकटी नाही, गिऱ्हाइकं नाहीत, खिडक्या नाहीत. नुसता एक पांढरा पडदा आणि त्यावर 'तुमचा नंबर टाका'. आक्काला वाटलं, आपलं बोट नको तिथे लागलं. तिनं फोन बंद केला, सुरू केला, हातावर आपटला. 'नंबर टाका'. आता माझाच फोन मलाच नंबर विचारतो? तिनं तो हुकांच्या डब्यात टाकून झाकण लावलं. सून आल्यावर बघू. पण सुनेला काय सांगायचं, हेही तिला उमजेना, कारण घडलंय काय हेच ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं मागचं मशीन थांबलं. कारागीर उठून समोर आला. त्याचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला होता.

"आक्का, माझं काही चुकलं का?"

"रोजच चुकतं. आज काय विशेष?"

"कामावरून काढायचं असेल तर तोंडावर सांगा. असं फोनवरून नको."

"कुणी काढलं तुला?"

त्यानं आपला फोन पुढे केला. त्यावर आक्काचं नाव होतं, आक्काचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं : 'नमस्कार, कसे आहात? घरी सगळे मजेत ना?'

"आजवर तुम्ही मला कधी कसा आहेस विचारलं नाही," कारागीर म्हणाला. "एकदम अहो-जाहो! म्हटलं, झालं. आता पुढची ओळ 'उद्यापासून येऊ नका'."

"मी हे लिहिलेलं नाही."

"मग कुणी?"

"मला काय विचारतोस? मला एवढं भराभर लिहिता येतं का?"

दोघं त्या फोनकडे बघत राहिले. आणि ते बघत असतानाच तिथे खाली आणखी एक ओळ उमटली. 'एक मदत हवी होती.' आक्काचे दोन्ही हात टेबलावर होते. तिनं हात उलटसुलट करून पाहिले, जणू तेच गुपचूप काही करत असावेत.

"मी इथे बसलेय," ती हळू आवाजात म्हणाली. "मग तिथे कोण बसलंय?"

कारागीर फोन खिशात घालायला लागला, मग विचार बदलून त्यानं तो टेबलावर पालथा ठेवला. खिशात नको वाटला असावा.

इतक्यात समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टरीण रस्ता ओलांडून आली. तिच्या घरचे पडदे तयार होते, आज लावायला जायचं होतं.

"आक्का, तुम्ही माझा पत्ता का विचारताय? गेल्या आठवड्यात तर येऊन मापं घेऊन गेलात."

"मी विचारला पत्ता?"

"मी लिहिलं होतं, घरी कुणी नाही, किल्ली शेजारी ठेवते. त्यावर तुमचं आलं, 'धन्यवाद मॅडम, पूर्ण पत्ता पाठवा, शेजाऱ्यांचं नावही पाठवा.' मला जरा चमत्कारिक वाटलं. तुम्ही आणि मॅडम? तुम्ही तर मला 'दातवाली' म्हणता."

"पाठवलात?"

"नाही. म्हटलं समोरच आहे दुकान, तोंडी सांगून यावं."

आक्कानं हुकांच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं. किल्ली. शेजारी. घरी कुणी नाही. लोक तिला हे सांगायचे, कारण ते कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं आणि ती कुणालाही सांगणारी नव्हती. आता तिच्या नावाच्या माणसाला, तिच्या तोंडाच्या फोटोला लोक किल्ल्या कुठे आहेत ते सांगत होते, आणि ते ऐकणारा कोण, कुठल्या गावचा, बाई की बाप्या, काही कळायला मार्ग नव्हता. सगळं आयुष्य लोकांच्या खिडक्या झाकण्यात गेलं आणि आज आपल्याच नावानं कुणीतरी त्या उघडत सुटलंय. आणि तेही इतक्या सभ्यपणे!

सूनबाई आली तेव्हा आक्कानं हुकांच्या डब्याचं झाकण काढून फोन तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. आकड्याचंही सांगितलं. सांगताना ती सुनेकडे बघत नव्हती, ताग्यांकडे बघत होती.

सूनबाईनं तो आकड्याचा मेसेज उघडला. "आई, खाली काय लिहिलंय वाचलंत?"

"आकडा वाचला."

"'हा आकडा कुणालाही सांगू नका,' असं लिहिलंय. तुमच्या नावाच्या घराची किल्ली होती ती. तुम्ही दिलीत, तो आत शिरला, तुम्ही बाहेर."

"मी कुणालाही कुठे दिला? धाकटीला दिला!"

"ती धाकटी मावशी नव्हतीच, आई. तिच्या नावात कुणीतरी असंच शिरलं असणार. तिथून तुमच्याकडे, तुमच्याकडून आता दुकानाच्या सगळ्या माणसांकडे."

"म्हणजे ताई म्हणणारी..."

"ती नाही."

"तब्येत विचारणारी?"

"तीही नाही."

दोन दिवस आक्का मनातल्या मनात ज्या गोडपणाशी भांडत होती, तो कुणा परक्याचा होता. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्या आधी जे वाटलं ते रागासारखं नव्हतं. म्हणजे धाकटीनं काही मागितलंच नव्हतं.

सूनबाईनं तोवर पदर खोचला होता. तिनं अ‍ॅपमध्ये आक्काचा नंबर टाकला. नवा आकडा आला, तो कुणालाही न दाखवता तिथेच भरला.

"निघाला तो बाहेर," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण जाताना कुलूप घालून गेलाय. त्याचा गुप्त आकडा मागतंय. काही दिवस आपल्यालाही आत जाता येणार नाही. तक्रार मी करते. जुने फोटो त्याच्याकडे गेलेले नाहीत, काळजी करू नका. पण मधल्या वेळात कुणी काय काय पाठवलं असेल ते मात्र कळणार नाही."

"म्हणजे तोही बाहेर आणि आपणही बाहेर?"

"हो."

"मग आत कोण?"

"कुणी नाही, आई."

हे आक्काला काही केल्या पटेना. पण आता पटवून घ्यायला वेळ नव्हता. "सगळ्यांना फोन लाव," ती म्हणाली. "साधा फोन. मी बोलते. माझा आवाज तरी अजून माझाच आहे ना?"

मग ती बोलत सुटली. मापाच्या चिठ्ठ्यांवरून सूनबाई एकेक नंबर लावायची आणि आक्का गरजायची. "मी आक्का. पडदेवाली. माझ्या नावानं कुणी गोड बोललं, पत्ता मागितला, किल्ली मागितली, आकडा मागितला तर द्यायचा नाही. मी गोड बोलते का कधी? नाही ना? मग!" एका म्हाताऱ्या मास्तरांनी विचारलं, "पण आता हे बोलणारी तू आक्काच कशावरून?" आक्का क्षणभर गोंधळली आणि मग म्हणाली, "तुमच्या मधल्या खोलीच्या खिडकीला वाळवी लागलीय, मी कधीची सांगतेय, तुम्ही ऐकत नाही, यावरून." मास्तरांची खात्री पटली. कुणाला घाबरवून, कुणाची माफी मागून – माफी हा शब्द तिच्या तोंडात खड्यासारखा लागत होता, पण तिनं तो प्रत्येकाला दिला – यादी संपत आली. एकानं पत्ता आणि किल्लीची जागा पाठवली होती. त्याला तिनं आत्ताच्या आत्ता घरी जाऊन किल्ली ताब्यात घ्यायला लावली. तो पोचून 'मिळाली' म्हणेपर्यंत ती उभीच होती.

मग नातेवाइकांचे फोन. त्यात मामेबहीण निघाली.

"अगं, मला ठाऊक आहे ते," मामेबहीण म्हणाली. "धाकटीनं परवाच फोन करून सांगितलं. तिच्या शेजारणीच्या नावानं आकडा मागितला, हिनं दिला, झालं. 'माझ्या नावानं कुणी काही मागितलं तर देऊ नका' म्हणाली. आत्यालाही केला, तिच्या सासरीही सगळ्यांना केला. दिवसभर फोनवरच होती बाई. तुला नाही केला?"

आक्कानं फोन खाली ठेवला.

"सगळ्यांना सांगितलं तिनं," ती सुनेला म्हणाली. "मला सोडून."

"आई, अबोला आहे म्हणून..."

"मला कळतं कशामुळे ते."

पण तिला कळत नव्हतं. ती खुर्चीतून उठली, तागे नीट लावल्यासारखं केलं, पुन्हा बसली. धाकटीनं मुद्दाम केलं का? बुडू दे हिला, म्हणून? की शपथ मोडायची नाही, म्हणून? आणि शपथ मोडायची नाही म्हणून बहीण बुडू देणं, हे मुद्दाम धरायचं की नाही? धाकटीच्या जागी आपण असतो तर? हा शेवटचा प्रश्न आक्काला अजिबात आवडला नाही, म्हणून तिनं तो सोडून दिला. तो पुन्हा आला.

"तिला लाव," ती म्हणाली.

सूनबाईनं नंबर लावून, आवाज मोठा ठेवून फोन पुढे केला. घंटा वाजली. उचलला गेला. आणि पलीकडून काहीही आलं नाही.

आक्का थांबली. पलीकडचंही कुणी थांबलं होतं. कुठेतरी नळ चालू होता, श्वासही ऐकू येत होता. हॅलो नाही, कोण नाही.

आक्कानं फोनवर हात ठेवून सुनेला खुणावलं. "बोलत नाही. हा तोच तर नाही? चोर?"

"साधा फोन आहे, आई. मावशीच असेल."

"मग बोलत का नाही?"

"तुम्ही आधी बोलावं म्हणून."

"आणि चोर असला तर?"

आक्का त्या शांततेला कान लावून बसली. ही शांतता धाकटीची की परक्याची? दोन दिवस परक्याच्या शब्दांना तिनं धाकटी समजलं होतं. आता धाकटीच्या गप्प बसण्याला परका समजायची पाळी आली होती. ओळखायचं कशावरून? वाळवीच्या खिडकीसारखं काहीतरी सांगून खात्री पटवायला कुणीतरी बोलायला तर हवं! आणि धाकटी अजून बिनधास्त आहे, की तिच्या नावानं अजून कुणी लोकांना फसवतंय, ते तिला माहीत तरी आहे का, हेही विचारायचं होतं. पडदे गेले चुलीत. आक्कानं डोळे मिटले.

"बोल गं," ती म्हणाली.

"तू आधी बोललीस!" पलीकडून विजेसारखं आलं. "ऐकलं मी! तू आधी बोललीस, आक्के!"

आक्कानं डोळे उघडले आणि सुनेकडे बघून मान हलवली. हीच. शंकाच नको.

"बोलले. लिहून ठेव. फोनवर ताई ताई म्हणून कुणीतरी माझ्याकडून आकडा काढून नेला. आता सांग, सगळ्या गावाला सांगितलंस, मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, कुणीतरी सांगेल तुला."

"कोण कुणीतरी?"

"मामेबहीण सांगेल. आत्या सांगेल. आपलं बोलणं कुठे होतं?" धाकटीचा आवाज थोडा खाली आला. "फोन हातात घेतला होता मी. दोनदा घेतला. म्हटलं, मी लावला की तू म्हणशील, आली शेवटी."

"म्हटलंच असतं."

"बघ! आणि तू आकडा दिलासच कशाला? एवढी शहाणी तू. नवरा मेला तेव्हा कुणाला रडणं दाखवलं नाहीस, आणि फोनवर कुणी ताई म्हटलं की आकडा देतेस?"

"तू मागितलास म्हणून दिला!"

पलीकडचा नळ बंद झाला.

"मी कुठे मागितला," धाकटी म्हणाली.

"तेच कळलं आता."

कारागिरानं मागे मशीन सुरू केलं होतं, ते त्यानं पुन्हा थांबवलं.

"आणि तुझं ते अजून उघडं आहे का मिटलं?" आक्कानं विचारलं. "तो तुझ्या नावात अजून बसलाय का?"

"मी अ‍ॅपच काढून टाकलं फोनमधून. संपला विषय."

सूनबाईनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "काढून टाकून काही होत नाही, मावशी!" ती लांबूनच ओरडली. "तुम्ही बाहेर गेलात, तो आतच आहे! तुमच्या नंबरवर नवीन आकडा मागवून त्याला आधी बाहेर काढावं लागतं!"

"अगं बाई," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज खरोखर घाबरला होता. "म्हणजे अजून तो माझ्या नावानं... आक्के, म्हणजे हे कसं काय? मी तर काढून टाकलं ना? मग तो कुठे आहे?"

"ते मलाही समजत नाही," आक्का म्हणाली. "मी दुपारपासून तेच विचारतेय. समजायची वाट बघत बसलो तर चोर म्हातारा होईल. आता ऐक, मध्ये बोलू नकोस. अबोला धरायचा तर जन्मभर धर, मला त्याचं काही नाही, मीही धरते. पण दार फुटलंय हे बहिणीला आपल्या तोंडानं सांगायचं आणि मग हवं तर पुन्हा तोंड फिरवायचं. तू शेजारपाजार जागा केलास आणि मला झोपलेली ठेवलीस. हे वागणं चोराचं नाही, चोराला आपली नाती माहीत नव्हती. हे तुझं आहे. आणि माझंही, कारण तुझ्या जागी मीही फोन हातात घेऊन खालीच ठेवला असता. दोघी सारख्या मूर्ख आहोत, तू जरा जास्त, धाकटी असून. आता चप्पल घाल आणि फोन घेऊन इकडे ये. सूनबाई सगळं नीट लावून देईल, आणि खालची बारीक अक्षरं आपण दोघी तिच्यासमोर बसून वाचू. आणि फोनवर कुणी मला गोड ताई म्हणालं की मी त्याचं थोबाड फोडणार, ती तू असलीस तरी."